जनाची लाज, मनाची लाज आणि नॅचरिझम

माझी शाळेपासूनची मैत्रीण मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे म्युनिकला तीन महिने राहून आली. आता आमच्या कोथरूड-कर्वेनगर भागात घराघरातून कुणी ना कुणी जर्मनीला नाहीतर अमेरिकेला, त्यामुळे आमच्या वयाच्या बायकांच्या गप्पा म्हणजे तिकडची थंडी, सुनेचं ऑफिस, नातवाचं डेकेअर आणि बॅगेतून भाजणी कशी नेली. पण या वेळी कमला नेहरू पार्कच्या बाकावर बसल्या बसल्या ती एकदम आवाज खाली करून म्हणाली, "अगं, तिथे गावाच्या मध्यात मोठी बाग आहे ना, इंग्लिश गार्डन, तिथे भर दुपारी लोक सगळे कपडे काढून हिरवळीवर पडलेले असतात. एक सत्तरीच्या आजी तशाच टॉवेलवर बसून पेपर वाचत होत्या, शेजारून लोक सायकलवरून जातायत, कुणी वळूनही बघत नाही. मी ह्यांना म्हटलं, आधी चला इथून. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना गं. त्यांना लाज वाटत नव्हती, मग त्यांच्या वाट्याची लाज मला का वाटली?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कारण आपण असं काही बघितलं की लगेच 'निर्लज्जम् सदासुखी' म्हणून मोकळे होतो आणि विषय संपतो, पण हिने तो संपवला नाही. मी या विषयावर बऱ्यापैकी वाचलंय, त्यामुळे तिला त्या दिवशी जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं ते सगळं इथे सोप्या भाषेत लिहितेय.

आधी शब्द. याला नॅचरिझम म्हणतात, अमेरिकेत न्यूडिझम हा शब्द जास्त चालतो, आणि जर्मनीत एफकेके, म्हणजे 'फ्रायक्योर्परकुल्टुर', सरळ अर्थ 'मोकळ्या शरीराची संस्कृती'. मराठीत कुणी निसर्गवाद म्हणतं पण त्याने घोटाळा होतो, कारण साहित्यातला आणि तत्त्वज्ञानातला निसर्गवाद ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून मी नॅचरिझमच म्हणणार. जगभरातल्या अशा संस्थांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, तो १९५३ मध्ये फ्रान्समध्ये मोंतालिवेला स्थापन झाला आणि १९७४ मध्ये त्यांनी व्याख्या ठरवली. तिचा मथितार्थ असा, की नॅचरिझम म्हणजे निसर्गाशी जुळवून घेऊन जगण्याची पद्धत, त्यात लोक एकत्र विवस्त्र राहतात, आणि हेतू हा की स्वतःबद्दल, दुसऱ्याबद्दल आणि पर्यावरणाबद्दल आदर वाढावा. व्याख्येत आदर हा शब्द आहे बघा, मौजमजा नाही आणि कामवासना तर नाहीच नाही. बहुतेकांची पहिली गैरसमजूत तिथेच असते. लोकांना वाटतं हा काहीतरी चावट प्रकार असणार, पण नॅचरिस्ट लोकांच्या जागेत त्या अंगाने कुणी वागायला लागलं तर त्याला सरळ बाहेर काढतात.

आता हे सुरू कुठून झालं? एकोणिसाव्या शतकातली जर्मन शहरं डोळ्यासमोर आणा. कारखाने, कोळशाचा धूर, एका खोलीत आठ-दहा माणसं, ऊन न मिळाल्याने पोरांना मुडदूस, आणि घरोघरी क्षय. त्यात अंगावर कपडे म्हणाल तर थरावर थर, बायकांना श्वास घेता येणार नाही अशी घट्ट कॉर्सेट. मग काही लोक म्हणायला लागले की हे जगणंच चुकलंय, परत उन्हात, हवेत, मातीत जाऊया, साधं शाकाहारी खाऊया, दारू सोडूया. या सगळ्या खटपटीला तिकडे 'जीवनसुधारणा चळवळ' म्हणतात, निसर्गोपचार त्यातूनच फोफावला आणि विवस्त्र राहणं हीसुद्धा त्याच झाडाची एक फांदी. आर्नोल्ड रिक्ली नावाचा एक स्विस गृहस्थ होता, त्याने आजच्या स्लोव्हेनियातल्या ब्लेड तळ्याकाठी १८५० च्या दशकात उपचारकेंद्र काढलं, तिथे तो रुग्णांना कमीत कमी कपड्यांत डोंगरात चालवायचा. त्याचं म्हणणं पाणी चांगलं, पाण्याहून हवा चांगली, आणि सगळ्यात चांगला सूर्यप्रकाश. यात भाबडेपणा होता पण सगळंच भाबडं नव्हतं, कारण १९०३ साली नील्स फिनसेन या डॉक्टरला वैद्यकाचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दलच, आणि त्वचेवर ऊन पडलं की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते कमी पडलं की मुडदूस होतो हेही पुढे सिद्ध झालं.

त्याच १९०३ सुमाराला उत्तर जर्मनीत पॉल झिमरमन नावाच्या माणसाने कुटुंबांसाठी पहिलं असं राहण्याचं ठिकाण सुरू केलं. व्यायाम, बागकाम, शाकाहार, दारू-सिगारेट बंद. थोडक्यात आपल्याकडच्या आश्रमासारखी शिस्त, फक्त कपडे नाहीत.

यातली काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख अर्धवट राहील. रिचर्ड उंगेविटर हा सुरुवातीचा एक मोठा प्रचारक, त्याचं १९०६ चं पुस्तक तिकडे प्रचंड खपलं, पण हा माणूस वंशशुद्धीवाला आणि ज्यूद्वेष्टा होता, त्याला विवस्त्र शरीर हवं होतं ते 'उत्तम जर्मन वंश' निवडायला. आणि अगदी त्याच चळवळीत दुसऱ्या टोकाला अडॉल्फ कोख, बर्लिनमधला शिक्षक, समाजवादी विचारांचा, ज्याने १९२० च्या दशकात कामगारवस्तीतल्या लोकांसाठी व्यायामाच्या शाळा काढल्या, म्हणजे ज्यांना डॉक्टर परवडत नाही त्यांना निदान स्वतःचं शरीर कळावं. १९३३ मध्ये नाझी आले आणि आल्या आल्या या प्रकारावर बंदी घातली, कोखच्या शाळा बंद पडल्या, पुढे नाझींमधल्याच काहींनी सोयीने नियम सैल केले. एकच कल्पना द्वेषाच्याही हातात सापडते आणि करुणेच्याही, म्हणून कुणी 'शरीर शुद्ध, शरीर सुंदर' वगैरे फार बोलायला लागलं की मी जरा सावध होते.

युद्धानंतर मात्र एक विलक्षण गोष्ट झाली, ती पूर्व जर्मनीत. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने १९५४ मध्ये बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र पोहण्यावर बंदी घातली, लोकांनी तक्रारींचा मारा केला आणि १९५६ मध्ये सरकारला ठरावीक किनाऱ्यांवर परवानगी द्यावी लागली. ज्या देशात तोंडातून शब्द काढायची भीती, तिथे निदान किनाऱ्यावर तरी माणूस मोकळा. तिथे तर हे एखाद्या क्लबचं वगैरे राहिलंच नाही, आजोबांपासून सगळं घर डबा घेऊन जायचं. मैत्रिणीने पाहिलेल्या त्या पेपरवाल्या आजी म्युनिकच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या, पण त्यांच्याही मागे शंभर-सव्वाशे वर्षांची सवय आहे, त्या काही बंड करायला बसल्या नव्हत्या, ऊन खायला बसल्या होत्या.

आता मी पुणेकरांना सांगितलं की चकित होतात ती गोष्ट. झिमरमनच्या आधी बारा वर्षं, १८९१ मध्ये, जगातली पहिली ज्ञात नॅचरिस्ट संस्था आपल्या मुंबई इलाख्यात निघाली होती. ठाण्याचा इंग्रज जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड, त्याने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची मंडळी जमवली, मंडळी म्हणजे किती, तर तीन. तो स्वतः आणि कॅल्डरवूड आडनावाचे दोघे भाऊ, एका मिशनऱ्याचे मुलगे. जमायचं ठिकाण माथेरान आणि तुळशी तलाव. म्हणजे आपण जिथे पावसाळ्यात घोड्यावर बसून चिखल तुडवतो आणि चिक्की आणतो, तिथे नेरळची छोटी गाडीसुद्धा सुरू व्हायच्या आधी हे तिघे झाडीत विवस्त्र बसून गप्पा मारत होते. आपल्याला हे कळतं ते क्रॉफर्डने इंग्लंडमधला लेखक एडवर्ड कार्पेंटरला लिहिलेल्या पत्रांमुळे. पुढे क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था तिथेच विरली, १८९४ मध्ये तो वारला. मला त्या माणसाबद्दल माया वाटते. ब्रिटिश न्यायाधीश म्हणजे कायम अंगभर साहेबी कपडे, आणि हे सगळं कुठे, तर ठाण्याच्या दमट उकाड्यात. त्याला कपडे काय ओझं वाटत असेल, आणि ते ओझं नुसतं कापडाचं नसणार.

इथे कुणी म्हणेल की साहेबाने कशाला शिकवायला पाहिजे, आपल्याकडे हजारो वर्षं नागा साधू आहेत, दिगंबर मुनी आहेत. खरंय, आणि गंमत अशी की युरोपलाही ते माहीत होतं. अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३२६ मध्ये तक्षशिलेला आला तेव्हा त्याच्या माणसांना तिथे विवस्त्र तपस्वी भेटले, ग्रीकांनी त्यांना 'जिम्नोसोफिस्ट' म्हटलं, म्हणजे नग्न ज्ञानी. 'जिम्नोस' म्हणजे ग्रीकमध्ये उघडा, आपण ज्या जिमला जातो तो शब्दही त्यातलाच, कारण ग्रीक लोक व्यायाम विवस्त्र करायचे. आणि १९२२ मध्ये इंग्लंडमध्ये नॅचरिस्टांची संस्था निघाली तेव्हा तिने नाव घेतलं 'इंग्लिश जिम्नोसॉफिकल सोसायटी', म्हणजे तक्षशिलेच्या तपस्व्यांची आठवण ठेवून.

पण इथे घाई करू नका. दिसायला सारखं असलं तरी आतलं वेगळं आहे. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र. जैन मुनींचे अठ्ठावीस मूळगुण सांगितलेत, त्यात वस्त्र न ठेवणं आहे तसंच अंघोळ न करणं आहे, केस हाताने उपटून काढणं आहे, उभ्याने दिवसातून एकदाच जेवणं आहे. म्हणजे शरीराचे लाड पूर्ण बंद. हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, बाकी आपलं असं काही नाही, मग कपडा तरी कशाला, कपडा आला की तो धुवायला हवा, फाटला की शिवायला हवा, चोरीला गेला की दुःख. गेल्या शतकातले दिगंबर आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये मराठवाड्यात कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडत, गेले, आजही त्यांच्या परंपरेतले मुनी पायी विहार करत पुण्यावरून जातात. मी सातारा रस्त्यावर एकदा पहाटे पाहिलंय, पुढे दोन-चार श्रावक, मागे महाराज, आणि त्या रस्त्यावर एरवी एकमेकांवर हॉर्न मारणाऱ्या गाड्या हळू झालेल्या, एक पीएमटीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात उचलून नमस्कार करत होता. कुणाच्या मनात अश्लील वगैरे शब्द येतो का तेव्हा? नाही येत. नागा साधूंचंही तसंच, नाशिकच्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर त्यांचं स्नान होतं, तिथे भस्म आहे, आखाड्याची शिस्त आहे, आणि दीक्षा घेताना स्वतःचं श्राद्ध आधीच घालून टाकलेलं असतं. आणि बाराव्या शतकातली अक्कमहादेवी, आपल्या सोलापूरकडच्या लिंगायत घरांत तिचं नाव आदराने घेतात, तिने राजवैभव आणि वस्त्रं दोन्ही सोडली, फक्त लांब केसांनी अंग झाकलं, आणि चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानून निघाली. बाई असून हे केलं, आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, विचार करा.

तर फरक असा, की आपल्या परंपरेतली नग्नता वैराग्याची आहे. शरीर सोडायचंय म्हणून कपडे सोडले. नॅचरिस्ट माणूस उलट म्हणतो, मला शरीर आवडतं, ऊन, वारा, पाणी त्वचेला लागलेलं आवडतं, मी संसारी आहे, मला मोक्ष नको, मला फक्त या देहात अवघडून जगायचं नाहीये. म्हणून 'आपल्याकडे हे आधीच होतं' म्हणणारे आणि 'हे सगळं पाश्चात्त्य थेर आहे' म्हणणारे, दोघांचंही मला पटत नाही.

तिसरा एक धागा आहे तो थेट पुण्यातून जातो. जर्मन निसर्गोपचारातले लुई कूने आणि अडॉल्फ युस्ट, यांचं लिखाण गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचलं, कटिस्नान आणि मातीची पट्टी ही त्यांच्या आयुष्यभराची औषधं झाली ती तिथून. आणि ते उपचारासाठी राहिले कुठे, तर आपल्या ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांच्या नेचर क्युअर क्लिनिकमध्ये, आज तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे. मग मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. आपल्या सासू-सासऱ्यांना सांधेदुखीसाठी तिथे दहा दिवस ठेवून आलेली कितीतरी घरं पुण्यात सापडतील. सूर्यस्नान, वायुस्नान, मृत्तिकास्नान हे तिथले शब्द आपल्याला अगदी घरचे वाटतात, पण ज्या चळवळीने जर्मनीत लोकांना कपड्यांशिवाय हिरवळीवर बसवलं, त्याच चळवळीचे हे सख्खे भाऊबंद आहेत. आपण औषध म्हणून घेतलं, त्यांनी जगणं म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे येते, लाजेकडे. मराठीत एक वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग'. मला वाटतं अख्खं नॅचरिझम समजायला ही एकच ओळ पुरते. लाजा दोन असतात हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. जनाची लाज म्हणजे लोक काय म्हणतील, कोण बघतंय. मनाची लाज म्हणजे मी खोटं बोलले, कुणाला फसवलं, कुणावर वाईट नजर टाकली, त्याची टोचणी. नॅचरिस्ट लोकांचं म्हणणं की शरीर उघडं असण्याची लाज ही सगळी जनाची लाज आहे, ती शिकवलेली आहे, आपल्याला लहानपणी 'शेम शेम' म्हणून शिकवलेली, आणि जे शिकलं ते ठरावीक जागी, ठरावीक लोकांत बाजूला ठेवता येतं. मनाची लाज मात्र तिथे दुप्पट लागते, कारण नजर कुठे ठेवायची हे कपडे ठरवत नाहीत, तुम्हाला ठरवावं लागतं. भाषा बघा ना आपली, एकाच अवस्थेला किती शब्द. उन्हाळ्यात आजोबा ओसरीवर उघडेबंब बसायचे, मुनी दिगंबर, चित्रातली बाई विवस्त्र, आणि भांडणात शिवी द्यायची तर नागडा. कापड तेवढंच नाहीये, बदलतंय ते बघणाऱ्याच्या मनातलं.

हे आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी कुणी म्हटलं नव्हतं असं नाही. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, त्यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं, आणि अश्लीलता वस्तूत नसते, पाहणाऱ्याच्या मनात असते ही त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, कर्वे थांबले नाहीत. ज्या समाजाने अशा माणसाला वाळीत टाकल्यासारखं वागवलं त्याच समाजात आज आपण त्यांना द्रष्टे म्हणतो.

नॅचरिझमचा दुसरा मोठा दावा समानतेचा. कपडे काढले की कोण साहेब, कोण शिपाई कळत नाही. फिनलंडमध्ये सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, घरातले लोक, ऑफिसातले लोक विवस्त्र एकत्र बसतात (ती सौना संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेली), जपानात गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत पुरुष पुरुषांत, बायका बायकांत एकत्र अंघोळ करतात आणि त्यातून होणाऱ्या मोकळ्या स्नेहाला त्यांच्याकडे 'हादाका नो त्सुकिआई' असा खास शब्दच आहे, उघड्या अंगाची मैत्री. आपल्याकडे तालमीत तेच होतं की, पेठेतल्या तालमीत सरदाराचा पोरगा आणि गवळ्याचा पोरगा एकदा लंगोट लावून लाल मातीत उतरले की दोघांच्या अंगाला तीच माती.

हा दावा मला आवडतो पण तो मी अर्धाच मान्य करते, आणि का ते सांगते. त्रावणकोरमध्ये नाडार बायकांना छाती झाकायला बंदी होती, वरच्या जातींसमोर उघडं राहणं हाच 'मान' समजला जायचा. त्या बायकांनी मार खाल्ला, अंगावरचं वस्त्र फाडून घेतलं, अनेक वर्षं झगडल्या, तेव्हा कुठे १८५९ मध्ये अंग झाकायची मोकळीक मिळाली. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे कपडा. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला अंगरखा-टोपी सोडून पंचा नेसला, बाबासाहेबांनी सूट घातला, आणि दोन्ही तितकंच खरं, कारण ज्याला पिढ्यानपिढ्या अंगभर कपडा मिळू दिला नाही त्याने तो रुबाबात घालणं हीच क्रांती. म्हणून कपडे काढल्याने माणूस आपोआप मोकळा होतो असं नाही, काढायचे की घालायचे हे ज्याचं त्याने ठरवलं तरच होतो. म्युनिकच्या आजींनी स्वतः ठरवलं होतं.

विज्ञान काय म्हणतं? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या किऑन वेस्ट या मानसशास्त्रज्ञाने ८४९ ब्रिटिश लोकांची पाहणी केली. त्यात असं दिसलं की जे अशा विवस्त्र उपक्रमांत जातात ते आपल्या शरीराबद्दल जास्त समाधानी असतात आणि एकूण आयुष्याबद्दलही. यात एक अडचण आहे, जे आधीच समाधानी तेच जात असतील असंही असू शकतं, पण त्याने पुढे छोटे प्रत्यक्ष प्रयोगही केले आणि जाण्याआधीची नि आल्यानंतरची तुलना केली तर फरक त्याच दिशेने. कारणही समजण्यासारखं आहे, स्वतःला दाखवणं हा त्यातला एक भाग, दुसरा म्हणजे इतरांची साधी, खरी शरीरं दिसणं. आपण आयुष्यभर बघतो काय, तर होर्डिंगवरच्या, इन्स्टावरच्या फिल्टर मारलेल्या कंबरा. पन्नाशीची बाई खरी कशी दिसते हे पन्नाशीच्या बाईलाही माहीत नसतं.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण मैत्रिणीने हेच आधी विचारलं होतं. बसायच्या आधी आपला टॉवेल खाली घालायचा. टक लावून बघायचं नाही. फोटो अजिबात नाही, मोबाईल आल्यापासून तर हा नियम सगळ्यात कडक आणि सगळ्यात नाजूक. कुणाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, चांगलंही नाही. नको असेल तिथे 'नको' ऐकायचं. यातले नियम आपल्या लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत पाळले गेले असते तर किती पोरींचं आयुष्य सुखाचं झालं असतं.

आणि कायदा, कारण कुणी वाचून उत्साहात काही करायला नको. भारतात यासाठी मान्यता असलेला एकही किनारा नाही, गोव्यात हिप्पींच्या काळात काही किनाऱ्यांवर चालायचं पण तिथेही मनाईचे बोर्ड लागले. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील वर्तन हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड विधानाचं कलम २९४ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९६. पण नग्न म्हणजे अश्लीलच असं मात्र आपली न्यायालयं मानत नाहीत. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात, टेनिसपटू बोरिस बेकरच्या विवस्त्र फोटोवरून, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संदर्भ आणि आजच्या समाजाची दृष्टी बघायला हवी, आणि २०२३ मध्ये केरळ हायकोर्टानेही नग्नता आणि अश्लीलता नेहमी एकच नसतात असं स्पष्ट म्हटलं. मॉडेल मिलिंद सोमण आणि मधु सप्रे यांचा १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीवरून झालेला खटला तर चौदा वर्षं चालला आणि शेवटी ते निर्दोष सुटले.

मी स्वतः कुठल्या नॅचरिस्ट जागी गेलेली नाही. पण मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला जिथे मिळालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी मी पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस होते. बायकांच्या विभागात मागे एक अंगण, चहूबाजूंनी उंच भिंती, वर आभाळ. सकाळी साडेनऊला मातीचा लेप. काळी माती चाळून रात्रभर भिजवलेली असायची, पहाटेच्या गारव्याने ती इतकी थंड की पाठीवर पहिला हात पडला की श्वास अडकायचा. अंगावर एक छोटा पंचा, तोही असून नसल्यासारखा. पहिल्या दिवशी आम्ही आठही जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या, कोपरं पोटाशी घट्ट, कुणी कुणाकडे बघेना. तिथली मावशी म्हणाली, "अहो ताई, हात काढा की, मी लेप कुठं लावू?" मग हळूहळू माती चढली आणि कडाप्प्यावर उन्हात रांगेने बसलो. मंगळसूत्रं, बांगड्या, घड्याळं सगळी लॉकरमध्ये. कोण बार्शीची शेतकरीण आणि कोण बँकेतली मॅनेजर, मातीखाली काही कळेना. माती वाळायला लागली की कातडी ओढली जाते, बारीक भेगा पडतात, आणि बोललं की गालावरचे टवके खाली पडतात, म्हणून सगळ्या ओठ न हलवता बोलायच्या.

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. सिझेरियनचे उभे व्रण, आडवे व्रण, बाळंतपणाने पोटावर उमटलेल्या चंदेरी रेषा, दंडावर देवीच्या लसीचे गोल डाग, एका आजींच्या कोपराच्या आत हिरवं पडलेलं गोंदण. माझं जे पोट मी तीस वर्षं कुर्त्याखाली आत ओढून धरत आले, तसंच पोट शेजारी, पलीकडे, समोर.

चिंचवडच्या एक शिक्षिका होत्या, कॅन्सरने त्यांचा एक स्तन काढलेला. पहिले दोन दिवस त्या उन्हात सुद्धा खांद्यावरून मोठा पंचा पुढे घेऊन बसायच्या, माती फक्त पायांना आणि पाठीला. कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बार्शीच्या काकू त्यांना सांगत होत्या की मेथी निवडताना देठ किती ठेवायचं, कोवळी असेल तर सगळं ठेवायचं, आणि हे ऐकता ऐकता बाईंनी पंचा खांद्यावरून काढला, घडी करून मांडीशी ठेवला, आणि मावशीला हाक मारून म्हणाल्या, "पुढूनही लावा." काकूंचं बोलणं थांबलं नाही, आता त्या मुगाच्या डाळीवर आल्या होत्या.